मंडईची टर्की

मला चिकन येतं. बाकी कशावर मी पैज लावणार नाही, पण चिकनवर लावेन. संध्याकाळी राइस मिलच्या ऑफिसातून निघायचं, फुलचूरच्या नाक्यावरच्या दुकानात गाडी बंदही न करता अर्धा किलो सांगायचं, तो कापेपर्यंत शेजारून आलं आणि सांबार घ्यायचा आणि घरी आल्यावर हातपाय धुवायच्या आधी कांदा चिरायला बसायचं. सांबार म्हणजे आमच्याकडे कोथिंबीर, हे पुण्याच्या माणसाला दर वेळी सांगावं लागतं. चहाची भांडी धुऊन होईपर्यंत रस्सा उकळलेला असतो. भात तोवर होतोच.

मला चिकन आवडतं ते चवीपेक्षा याच्यासाठी. मी उतावीळ बाई आहे. झाकण ठेवलं की मला ते उघडून पाहावंसं वाटतं, आणि उघडलं की ढवळावंसं वाटतं. चिकन हे सगळं चालवून घेतं. मीठ उशिरा पडलं तरी धरतं, पाणी जास्त झालं तरी बिघडत नाही, दोनदा जास्त ढवळलं तर फार तर एखादा तुकडा हाडापासून सुटतो. माझ्यासारखीच्या हातात दिलं तरी त्याचं काही वाईट होत नाही.

टर्की माझ्या आयुष्यात आली ती धाकट्या भावामुळे.

आमचं माहेर सौंदडच्या पुढे, देवरीकडे जाताना हायवेपासून थोडं आत आहे. धानाची शेती, दोन बांध्या इकडे, तीन तिकडे. भाऊ काही वर्षं नागपूरला एका गोदामात कामाला होता. एक दिवस तिथून उठून परत आला. काऊन आला म्हणून सगळ्यांनी विचारलं, त्यानं कोणालाच धड सांगितलं नाही. मला एकदा म्हणाला की तिथे सकाळी गोदामात शिरलं की बाहेर ऊन पडलं की पाऊस आला हेही कळत नाही. नंतर त्यानं कुठूनतरी टर्कीची पिल्लं आणली. अर्धी मेली. उरलेली जगली आणि बघता बघता इतकी वाढली की अंगणात शिरणारी कुत्री फाटकाबाहेरूनच परत जायला लागली.

गावानं असा पक्षी जवळून पाहिला नव्हता. डोक्यावर पीस नाही, चोचीवरून लोंबणारी लाल सोंड, चिडला की मान निळी पडते. कोणी मोटारसायकलचा हॉर्न वाजवला की सगळे नर एका सुरात ओरडून उत्तर देतात. पोरं मुद्दाम हॉर्न वाजवून जायची. मोठी माणसं येऊन बघायची, हसायची, आणि विकत मात्र कोणी घ्यायचं नाही. हे खातात का, कसं खातात, गरम पडते का, असलेच प्रश्न. भावाचं म्हणणं एकच होतं. एकदा लोकांच्या तोंडाला चव लागली की ते आपल्या पायानं येतील.

बाबांना हे पटत नव्हतं. त्यांनी कधी आवाज चढवला नाही, पण त्या पक्ष्यांकडे ते ज्या नजरेनं बघायचे ती मला ओळखीची होती. दहावीत मला गणितात कमी मार्क पडले तेव्हा गुणपत्रिकेकडे असंच बघितलं होतं. दसऱ्याच्या सुमारास नागपूरच्या मामांनी त्यांना फोनवर सांगितलं की त्यांच्या ओळखीच्या कंपनीत जागा आहे, पोराला पाठवायचं असेल तर मंडईला येईन तेव्हा पक्कं सांगा. बाबांनी भावाला बोलावून एवढंच म्हटलं की मंडईला पाहुणे तुझा पक्षी खातील, मग पाहू.

आमच्याकडे दिवाळीनंतर गावोगाव मंडई भरते. प्रत्येक गावाचा आपला दिवस. दिवसा बाजार आणि दंडारीचा नाच, रात्री नाटक, आणि घरोघर सोयरे. लग्नाची पोरं-पोरी असणारे एकमेकांच्या घरी याच दिवसांत चहाला जातात. वर्षभराच्या गोष्टी त्या एका जेवणावर ठरतात. त्या जेवणाला कोंबडा असतोच. या वेळी कोंबड्याऐवजी टर्की होणार होती, आणि ती मी करणार होते, कारण मायचे गुडघे आता चुलीपाशी बसू देत नाहीत आणि भावाच्या मते घरात माझ्याइतकं चिकन कोणालाच येत नाही.

मला भाऊ गावात हवा होता. हे त्याच्या स्वप्नासाठी वगैरे नव्हतं. माय-बाबा दोघंच घरात, एकाचे गुडघे गेलेले, एकाला कमी ऐकू येतं, आणि मी गोंदियात. भाऊ नागपूरला होता त्या वर्षांत माझा फोन कधी माझ्यापासून हातभर लांब नसायचा. आंघोळीला जातानाही मी तो दाराशी ठेवायची. तो परत आला त्या आठवड्यात मी फोन घरी विसरून ऑफिसला गेले, आणि दुपारपर्यंत माझ्या लक्षातही आलं नाही. तेव्हा तो पुन्हा जाणार म्हटल्यावर मला जे वाटलं त्यात प्रेम कमी आणि धास्ती जास्त होती.

म्हणून मी सरावाला लागले. ठरलं असं की भाऊ सकाळी गावी एक पक्षी कापेल, तुकडे डब्यात भरेल आणि सौंदडहून संध्याकाळच्या गाडीनं गोंदियाला येईल. स्टेशनवरून तो थेट फुलचूरला यायचा, डबा माझ्या फ्रीजमध्ये ठेवायचा, चहा प्यायचा आणि परत जायचा. दुसऱ्या दिवशी रविवार असायचा. मी सकाळी उठून, ओट्यावर सगळं मांडून, टर्कीशी झुंजायला उभी राहायची.

पहिल्यांदा मी ती चिकनसारखीच केली. तोच मसाला, खोबरं, खसखस, भाजलेला कांदा, तेवढंच तेल, तेवढाच वेळ. झाकण काढलं तर चिकनचा रस्सा जसा वर तेलाची तर्री धरतो तसं काहीच नव्हतं. रस्सा खाली आणि मांस वर, दोघांची ओळखच झालेली नव्हती. चिकनच्या तुकड्यात मसाला आपोआप शिरतो. टर्कीच्या छातीचा तुकडा मोडून पाहिला तर आत पांढराफटक, जणू कोणी मसाल्याला दारातूनच परत पाठवलं होतं. तिच्या अंगात चरबी नाही, तेव्हा तेल आपल्याला घालावं लागतं, हे त्या दिवशी कळलं. नवऱ्यानं दोन घास खाल्ले. तो गोंदियाचा, आईशी मराठीत आणि भांडताना हिंदीत बोलणारा माणूस. म्हणाला, "बुरा नहीं है. पण हे चिकन नाही."

ते चिकन नव्हतं, हाच तर मुद्दा होता, पण मला ते ऐकून राग आला. मी डाव आपटला.

दुसऱ्या वेळी मी कुकर लावला. त्यानं छातीचा पार भुसा झाला, आणि तंगड्या मात्र तशाच. टर्कीच्या तंगडीत शिरा असतात त्या शिजल्यावरही झाडूच्या काडीसारख्या कडक राहतात, एकेक ओढून काढाव्या लागतात. कोंबडीची तंगडी पोरंही हाडासकट चावतात. टर्कीचं हाड चावायला जाल तर दातांच्या डॉक्टरकडे जाल. पण त्याच वेळी मला एक गोष्ट उमगली. छाती आणि तंगडी हे दोन वेगळे पदार्थ आहेत. छातीचं काम थोडक्यात उरकायचं, तंगडीला मटणासारखं धीरानं घ्यायचं. कोंबडी छोटी, तिचं सगळं अंग एकाच वेळी होतं, तिथे असा विचार करायची पाळीच येत नाही.

मग मी तंगड्या आधी टाकायला लागले, मंद आचेवर, आणि छातीचे बारीक तुकडे दही-हळद लावून शेवटी. तेल वाढवलं. आलं दुप्पट केलं. एका रविवारी छातीचा खिमा करून त्याला मटार घातले, तो नवऱ्यानं दुसऱ्या दिवशी डब्यात मागून नेला. आणखी एक लक्षात आलं. चिकन उरलं की दुसऱ्या दिवशी उतरतं, टर्कीचा रस्सा दुसऱ्या दिवशी चढतो. मिलमधल्या बायकांना मी डबा खाऊ घातला. एकीनं विचारलं, बकरा आहे का. मी संध्याकाळी गाडीवर बसून भावाला फोन केला आणि नुसतं हसले. रोजच्या स्वयंपाकाला ती टर्की कधीच चालणार नाही, ऑफिसातून येऊन कोणी ती रांधणार नाही, एका पक्ष्यात अख्खी पंगत उठते. पण पाहुण्यांना घालायची तर कोंबड्यापेक्षा उजवी, हे मी शपथेवर सांगायला तयार होते.

मंडईच्या आदल्या दिवशी मी गावी गेले. जाताना मसाला घरूनच भाजून, वाटून, स्टीलच्या डब्यात घेतला होता. बसमध्ये तो मांडीवर धरून बसले आणि दर थांब्याला झाकण घट्ट आहे का बघत राहिले.

घरी पोचल्यावर मी भावाला म्हटलं की पक्षी आजच संध्याकाळी कापून ठेवू. माझं कारण साधं होतं. टर्कीची पिसं उपटायला कोंबडीच्या चौपट वेळ लागतो, गरम पाण्यात पूर्ण बुडेल असं भांडंही घरात नाही, सकाळी पाहुण्यांच्या गर्दीत ती कटकट नको. फ्रीज होताच. भाऊ लगेच तयार झाला. पण बाबा ओसरीवर बसले होते आणि त्यांनी, एरवी हाक मारली तरी न ऐकणाऱ्या माणसानं, हे नेमकं ऐकलं.

"पाहुण्याले शिळं खाऊ घालत नाही आपण," ते म्हणाले.

आमच्याकडे पाहुणा फाटकातून आत येतो तेव्हा कोंबडा अंगणात फिरताना त्याला दिसला पाहिजे. पाहुण्यानं नको नको म्हणायचं, घरच्यानं त्याच्यासमोर तो धरायचा, तेव्हा मान दिल्यासारखं होतं. आदल्या दिवशी कापलेलं ताटात वाढलं हे सोयऱ्यांना कळलं तर ते वर्षभर सांगत फिरतात. मायनंही मान डोलावली. मी गप्प बसले, कारण मलाही तेच शिकवलेलं होतं.

सकाळी मामा आले, मामी आल्या, मायच्या माहेरची आणखी माणसं आली. भावानं सगळ्यात मोठा नर धरला. तो धरायला दोघं लागले. पाहुणे ओसरीवरून बघत होते, मामांनी फोनवर त्याचा फोटो काढला. मग कापणं, पिसं उपटणं, जाळावर धरून कातडी भाजणं, हळद चोळणं, तुकडे. पक्षी एवढा मोठा की आमच्या मोठ्या पातेल्यात, म्हणजे गंजात, मावेना. अर्धा मी तुकडे करून डब्यात भरला आणि फ्रीजमध्ये ठेवला, म्हटलं रात्रीच्या नाटकाला जायच्या आधी लागला तर लागेल. उरलेला चुलीवर चढवला.

मी सगळं अगदी तसंच केलं होतं. आधी तंगड्या, मंद आच, तेल सढळ, मसाला तोच, माझ्या हातचा. फुलचूरच्या हिशेबानं ती वेळेत व्हायला हवी होती. मी झाकण उघडून एक तुकडा दाबला. बोटाला तो तसाच ताठ लागला. म्हटलं चुलीची आच गॅससारखी नसते, थोडं थांबू. थांबले. पुन्हा दाबला. मसाल्याचा वास अंगणभर पसरला होता, लोक छान वास येऊन राहिला म्हणत होते, आणि गंजात मांस रबरासारखं होऊन बसलं होतं. मी लाकडं वाढवली. मग वाटलं जास्त आचेनं आणखी आकसेल, म्हणून ओढून घेतली. पाणी घातलं. पपईचं कच्चं फळ शेजारून आणून किसून टाकलं. उठून आत गेले, बाहेर आले, पुन्हा बसले. भाऊ चुलीपाशी येऊन काही न विचारता नुसता उभा राहायचा आणि जायचा. त्याचं ते न विचारणं मला सहन होईना. मी त्याच्यावर खेकसले की तुला दुसरं काही काम नाही का.

पंगत बसवायला उशीर झाला. किती वेळ भुकेल्या पाहुण्यांना बाजारच्या गप्पांवर बसवणार. शेवटी मायनं, गुडघे धरत धरत, उठून अंडी उकडली आणि रश्श्यात सोडली. मी वाढायला घेतलं.

रस्सा चांगला झाला होता. लोकांनी भातावर रस्सा परत परत घेतला, वडे बुडवून खाल्ले, अंडी खाल्ली. मांसाचे तुकडे मात्र तोंडात फिरत राहिले आणि मग हळूच ताटाच्या कडेला आले. कोणी वाईट बोललं नाही, पाहुणे तेवढे सभ्य होते. मामांनी तंगडीचा तुकडा बराच वेळ ओढला. मग खाली ठेवून हसत म्हणाले की भाचेबुवा, पक्षी तगडा आहे, मेल्यावरही हार मानत नाही. सगळे हसले. भाऊही हसला. मी चुलीच्या बाजूनं त्याचा चेहरा बघत होते, आणि मला त्या वेळी मामांचा इतका संताप आला की हातातला डाव खाली ठेवावा लागला.

बाबांनी पंगतीतूनच विचारलं. मान वर न करता, भात कालवत.

"मंग काय म्हणतोस? जातोस नागपूरले?"

भावानं ताटातल्या मांसाकडे पाहिलं. त्याच्या ताटातलंही सगळं तसंच होतं.

"जातो," तो म्हणाला.

एवढंच झालं. मामा बरं झालं म्हणाले, मामी म्हणाल्या की पोराचं लग्नाचंही बघायला सोपं जाईल. पंगत उठली. माणसं दंडार बघायला गेली. मी गंज उतरवून त्यातलं मांस कुत्र्यांना टाकलं, आणि कुत्रीही ते घेऊन लांब जाऊन बसली, खूप वेळ चावत. संध्याकाळच्या जेवणाला मी फ्रीजमधला डबा काढलाच नाही. माझी हिंमत झाली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामा निघून गेले. भावानं दुपारच्या बसनं मागून यायचं ठरलं होतं, देवरीहून नागपूरला जाणाऱ्या. तो आत कपडे भरत होता. मला घरात बसवेना. अंगण झाडून झालं, भांडी घासून झाली, मायच्या पायाला तेल लावून झालं. तेव्हा मी फ्रीज उघडला आणि तो डबा दिसला. टाकून द्यायचा म्हणून बाहेर काढला, आणि टाकवेना. कालचा मसाला उरला होता, चूलही विझली नव्हती. हात रिकामे राहू नयेत एवढ्याचसाठी मी तो चढवला. त्यात माझी काही आशा नव्हती.

थोड्या वेळानं सवयीनं झाकण उघडलं, सवयीनं तुकडा दाबला, आणि बोट आत गेलं.

मला आधी वाटलं की चुकून शीर निसटलेला तुकडा असेल. दुसरा दाबला. तिसरा. सगळे तसेच. त्याच पक्ष्याचा दुसरा अर्धा भाग, तोच मसाला, तीच चूल, तोच माझा हात. मी चुलीपाशी उकिडवी बसून राहिले आणि मला एकेक रविवार आठवायला लागला. सकाळी कापलेलं मांस, संध्याकाळची गाडी, माझ्या फ्रीजमधली रात्र. फुलचूरला मी एकदाही ताजी टर्की शिजवली नव्हती. एवढ्या मोठ्या पक्ष्याचं अंग कापल्यावर आखडतं, आणि रात्रभर पडून राहिलं की सैल पडतं. कोंबडीला एवढं काही लागत नाही, दुकानातली ब्रॉयलर तर जन्मालाच पुरती आलेली नसते, इतकी कोवळी. टर्कीला एक रात्र हवी. आणि आमच्या घरात पाहुण्यासाठी तीच रात्र निषिद्ध.

मला रडू आलं नाही, संताप आला. कोणावर काढायचा ते कळेना. शिळं खाऊ न घालणाऱ्या बाबांवर, की त्यांच्यासमोर गप्प बसणाऱ्या माझ्यावर.

मी बाबांना ताट वाढलं. भात, रस्सा, तंगडीचे दोन तुकडे. त्यांनी ताटाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी म्हटलं खाऊन बघा. त्यांनी तुकडा बोटांनी मोडला, तो लगेच हाडापासून सुटला. खाल्ला. मग दुसरा. मी समोरच उभी होते, एका पायावरून दुसऱ्या पायावर. भाऊ बॅग घेऊन दारात आला आणि तिथेच थांबला. बाबांनी सगळं संपवलं, हाड चोखून ताटात ठेवलं आणि माझ्याकडे ताट सरकवलं.

"आणखी वाढ," ते म्हणाले.

मी वाढताना सांगितलं. फ्रीजचं, रात्रीचं, कालच्या अर्ध्याचं. कमी ऐकू येतं म्हणून मोठ्यानं सांगितलं. ते खात राहिले. मग म्हणाले की पोरगा चालला म्हणून हे पक्षी विकून टाकू नका, राहू द्या, मी पाहीन त्यांचं.

भावानं बॅग खाली ठेवली नाही.

"मंग मी कायले जाऊन राहिलो?" त्यानं विचारलं.

बाबांनी त्याच्याकडे पाहिलं. मला वाटतं त्या दोन दिवसांत पहिल्यांदाच.

"मी तर इचारलं होतं," ते म्हणाले. "तूच जातो म्हनला."

यावर भावानं काही म्हणावं म्हणून मी मनातल्या मनात त्याला ढकलत होते. बोल की, जात नाही म्हण. बाबांनीही पुढचा घास हातात तसाच धरला होता. पण दोघंही एकाच घाण्यातले. एकदा चार माणसांत बोललेलं परत घ्यायचं दोघांनाही जमत नाही, आणि दुसऱ्यानं आधी घ्यावं म्हणून दोघंही वाट बघत राहतात. भाऊ मायच्या पाया पडला, बाबांच्या पडला. मला म्हणाला की ताई, तूही जेवून घे. आणि हायवेकडे गेला.

मी जेवले नाही. दुपारभर घरात इकडून तिकडे फिरत राहिले. दोन वेळा फोन हातात घेतला आणि ठेवला. बाबांशी मी बोलत नव्हते, पण ते त्यांना कळलं की नाही कोण जाणे.

ऊन उतरल्यावर टर्क्या ओरडायला लागल्या. त्यांची चाऱ्याची वेळ झाली होती आणि त्यांना टाकणारा माणूस नव्हता. बाबा उठून कोठाराकडे गेले. मला त्यांच्या हातात टोपलं दिसलं, मग ते खाली ठेवलेलं दिसलं, मग पोतं उघडून आत बघत उभे राहिलेले दिसले. पक्षी फाटकाच्या जाळीला येऊन भिडले होते. बाबांनी खिशातून फोन काढला. ते सहसा फोन करत नाहीत, लावायचा कसा हे भावानं शिकवलं होतं. ते मोठ्यानं बोलतात, त्यामुळे मला त्यांची बाजू सगळी ऐकू येत होती.

दाणा किती टाकू, म्हणून त्यांनी विचारलं. भावाला बस उशिरा मिळाली होती, ती तेव्हा जेमतेम साकोलीच्या आसपास असावी. पलीकडून भाऊ सांगत असावा, आणि ते हो हो म्हणत होते. पाला कोणता, म्हणून विचारलं. पाणी किती भरू. मोठ्या नरांना वेगळं टाकायचं का. प्रत्येक उत्तरावर हो म्हणत होते आणि टोपलं मात्र जागचं हललं नव्हतं. मग विचारायचं संपलं. त्यांनी फोन कानाला तसाच धरून ठेवला. टर्क्या ओरडत होत्या.

"एवढं ध्यानात नाही राहत माह्या," बाबा म्हणाले. "तूच येऊन टाक."

मायनं ते ऐकलं आणि डब्यातून आणखी दोन मुठी तांदूळ काढून धुवायला घेतले.